नियतीचा अभ्यास : प्रस्तावना

या विषयावर मराठीत लिहायला बसले की पहिली अडचण येते ती व्याकरणाची. ‘नियत’ हा अरबी शब्द आपण फारसी-उर्दूच्या वाटेने घेतला आणि पार घरचा करून टाकला. कुणाची नियत साफ असते, कुणाची फिरते, आणि नियत तशी बरकत असेही आपण म्हणतो. पण त्याला विभक्तीचा प्रत्यय लावून पाहा: नियतीने, नियतीत, नियतीचा. माणसाने स्वतः मनात धरलेला हेतू क्षणात दैव होऊन बसतो! संस्कृतातली नियती आणि अरबीतली नियत यांचे काडीचेही नाते नाही. जे आपल्या हातात मुळीच नाही ती पहिली, आणि सगळे हातचे गेले तरी जी आपल्यापाशी उरते ती दुसरी. पुढे ‘नियतीचा’ असे दिसले तर दैव समजू नये, एवढी विनंती.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे. मुस्लिम घरात वाढलेल्या वाचकालाही वाटते की नियत म्हणजे मनातली चांगली भावना, तिचा अभ्यास तो काय करायचा? इमाम बुखारींनी (८१०–८७०) मात्र आपल्या हदीससंग्रहात सर्वांत आधी ठेवली ती नियतीवरचीच हदीस. कृतीचे मोल हेतूवरून ठरते, असा तिचा आशय. उदाहरण स्थलांतराचे आहे. एकजण अल्लाह आणि रसूल यांच्यासाठी घर सोडतो, दुसरा एखाद्या स्त्रीशी लग्न करण्यासाठी. रस्ता तोच, धूळही तीच, पण पदरी पडते ते वेगळे. ही हदीस हजरत उमर यांच्याकडून अलकमा, त्यांच्याकडून मुहम्मद अत्-तैमी, त्यांच्याकडून याह्या इब्न सईद अशी एकेरी दोरीने खाली येते आणि याह्यांपासून तिला असंख्य फाटे फुटतात. एवढा डोलारा एका दोरीवर उभा आहे, याचे हदीसच्या विद्यार्थ्यांना आजही कौतुक वाटते.

नवख्या वाचकाने सुरुवात वुजूपासून, म्हणजे नमाजआधीच्या हात-पाय धुण्यापासून, करावी, असे मी सुचवतो. थोर तत्त्वचर्चेपेक्षा या प्रकरणात जास्त हाती लागते. समजा, एक माणूस पाय घसरून नदीत पडला. चेहरा, हात, पाय, डोके, सगळे भिजले. त्याचा वुजू झाला का? हनफी पंथाचे फकीह, म्हणजे धर्मशास्त्री, म्हणतात, झाला. पाण्याचा स्वभावच स्वच्छ करण्याचा, त्याला तुमच्या हेतूची गरज नाही. शाफई पंथाचे म्हणतात, नाही. वुजू ही इबादत, म्हणजे उपासना, आहे आणि अपघाताने इबादत होत नाही. आता पाणी नसताना मातीने करायचा तयम्मुम घ्या. इथे बहुतेक हनफीही नियत आवश्यक मानतात, कारण माती स्वभावतः स्वच्छ करत नाही. ती पवित्र ठरते ती हेतूमुळे. पदार्थाला जे जमत नाही ते मनाने भरून काढायचे, हा विचार मला या साऱ्या शास्त्रातला सर्वांत देखणा वाटतो.

हा वाद दूरच्या बगदादचा नाही. कोकणी मुसलमान शाफई, तर मराठवाड्यातले बहुतेक हनफी. मुंबईच्या एखाद्या चाळीत दोघे शेजारी असतील आणि रमजानच्या एखाद्या रात्री दोघांनाही उद्याच्या रोजाचा विचार न करताच झोप लागली असेल, तर पहाट उलटल्यावर हनफी शेजारी दुपारच्या आत नियत करून रोजा धरू शकतो. शाफई शेजाऱ्याला दिवसभर उपाशी राहूनही तो रोजा पुढे भरून द्यावा लागतो. भूक दोघांची सारखीच!

आपल्याकडच्या वाचकाला इथे ‘संकल्प’ आठवेल. तुलना उपयोगी आहे, पण जपून. संकल्प उच्चारावा लागतो, स्थळकाळासह. नियतीची जागा हृदय. तोंडाने म्हणणे उत्तरकालीन शाफईंनी चांगले मानले, तर इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी ती नसती भर ठरवली. घरोघरी मुलांकडून नमाजच्या नियतीची उर्दू वाक्ये पाठ करून घेतली जातात, त्यामागे हा वाद आहे.

हेतूची सत्ता सर्वत्र चालत नाही, हेही लक्षात ठेवावे. चोरीच्या पैशाचा सदका, म्हणजे दान, चांगल्या हेतूने हलाल होत नाही. तलाकच्या स्पष्ट शब्दांना फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, नियत विचारली जात नाही, आडवळणाच्या शब्दांना विचारली जाते. काजीला काळीज दिसत नाही, म्हणून तो शब्दांवर निवाडा देतो. ‘व्यवहार हेतूनुसार’ हे सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या उस्मानी ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेच्या दुसऱ्याच कलमात आले, तेही या मर्यादांसकट वाचायला हवे.

जिथे काजी थांबतो तिथे सूफी पुढे होतो. बगदादच्या मुहासिबींचे (मृत्यू ८५७) नावच मुहासबा, म्हणजे स्वतःचा हिशेब घेणे, यावरून पडले. त्यांचा रोख रियेवर, दिखाव्यावर. निशापूरचे मलामती तर सत्कृत्य लपवून लोकांचा बोल ओढवून घेत. मला स्वतःला त्यात थोडा उलटा दिखावा दिसतो, आणि पुढच्या सूफींनीही ही शंका घेतली होती.

या वाटेवरचा मुख्य सोबती मात्र गझाली (१०५८–११११). त्यांच्या ‘इह्या’ या ग्रंथाच्या चाळीस भागांपैकी सदतिसावा नियत, इखलास (निखळ निष्ठा) आणि सच्चेपणा यांवर आहे, आणि त्यामागे स्वतःची झीज आहे. बगदादच्या निजामिया मदरशात शिकवताना त्यांनी आपला हेतू तपासला आणि तिथे अल्लाहपेक्षा कीर्तीच जास्त सापडली. जीभ चालेना, घास उतरेना. १०९५ मध्ये त्यांनी बगदाद सोडले. अकरा वर्षांनी ते निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवायला बसले आणि लिहून ठेवले की वरकरणी मी परतलो असलो तरी परतलेलो नाही. पूर्वी मानमरातब मिळवून देणारी विद्या शिकवत होतो, आता तो सोडायला लावणारी. समोर बसलेल्या विद्यार्थ्याला बहुधा नेहमीसारखाच पाठ ऐकू आला असेल.