भातुकलीच्या खेळामधली (भावगीत)

'भातुकलीच्या खेळामधली' हे मंगेश पाडगांवकर (१९२९–२०१५) यांनी लिहिलेले, यशवंत देव (१९२६–२०१८) यांनी स्वरबद्ध केलेले आणि अरुण दाते (१९३४–२०१८) यांनी गायलेले मराठी भावगीत आहे. ताटातुटीच्या मराठी गीतांत ते सर्वाधिक परिचित गीतांपैकी एक मानावे लागेल. त्याची दुसरी ओळ तर रोजच्या बोलण्यात म्हणीसारखी रुळली आहे.

आशय

भातुकली म्हणजे बोळकी, लुटुपुटीचा स्वयंपाक आणि बाहुला-बाहुलीचे लग्न असा मुलांचा संसाराचा खेळ. गीतातील राजा व राणी या खेळातले आहेत. राजाराणीच्या गोष्टीचा शेवट गोड असतो, ही श्रोत्याची लहानपणापासूनची समजूत येथे पहिल्या दोन ओळींतच मोडते.

आपल्याला सारे उमगले आहे, असे राजाला वाटते, त्याच क्षणी राणीचे डोळे भरून येतात. पुढे ती दूरच्या ताऱ्याकडे पाहत वेगळ्या वाटेविषयी आणि परगावाविषयी बोलते. राजाला त्याचा अर्थ उशिरा कळतो. वियोग राणीला आधीच ठाऊक होता. म्हणून गाणे पुरुषस्वरात असले, तरी त्यातील दुःख राणीचे अधिक जुने आहे. तिचे जाणे म्हणजे दुसऱ्याशी विवाह की मृत्यू, हे कवी सांगत नाही. गीतात शाप नाही, बेइमानी नाही, खलपुरुषही नाही. 'का' हा प्रश्न मात्र पुन्हापुन्हा येतो आणि अनुत्तरित राहतो. गीताच्या टिकाऊपणाचे मूळ या मोकळ्या ठेवलेल्या जागेत आहे, कारण श्रोता तेथे स्वतःचे उत्तर ठेवतो.

नाशिकचे कवी कुसुमाग्रज यांच्या 'विशाखा' (१९४२) या संग्रहातील 'स्वप्नाची समाप्ती' या कवितेशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. तेथेही निरोप आहे. परंतु पहाट होत आहे, दिवसाची हाक आली आहे आणि निघणाऱ्याला आपण का निघतो हे ठाऊक आहे.

शेवटच्या कडव्यात 'विराणी'चा उल्लेख येतो. संत ज्ञानेश्वरांच्या विरहिणींपासून चालत आलेला हा काव्यप्रकार आहे. तेथे ओढ परमेश्वराची होती, येथे ती माणसाची आहे.

रचना व गायन

प्रत्येक ओळ २८ मात्रांची असून आठ-आठ मात्रांच्या तीन गटांनंतर चार मात्रांचा तुकडा येतो. या चालीमुळे शब्द सहज पाठ होतात.

यशवंत देव यांनी 'शब्दप्रधान गायकी' या पुस्तकात शब्दाला अग्रस्थान देणाऱ्या गायनाची मांडणी केली. पाडगांवकर आणि देव दोघेही मुंबई आकाशवाणीशी संबंधित होते. इंदूरला जन्मलेले, व्यवसायाने वस्त्रोद्योगातील अभियंता असलेले दाते हे या विचाराला साजेसे गायक ठरले. शोकाचा टाहो न फोडता, शेजारी बसून हकिकत सांगावी तसे ते गातात. तानांचा सोस असता, तर हे गाणे मैफलीत गाजले असते, पण घराघरांत गुणगुणले गेले नसते.

'या जन्मावर, या जगण्यावर' हे जीवनप्रेमाचे गीतही याच तिघांचे आहे.