हिरव्या खुणेचा डबा

कूर्गला निघालेली मराठी सहल म्हैसूर मागे टाकते आणि कुशालनगरच्या जरा अलीकडे बैलकुप्प्याला थांबते. १९६०-६१ साली तिबेटी निर्वासितांनी जंगल साफ करून वसवलेलं हे गाव. नामद्रोलिंग मठातल्या तीन भव्य सोनेरी मूर्ती पाहायला सगळे उतरतात, फोटो होतात, आणि मग उरलेली मंडळी परत येईपर्यंत गाडीत बसून वाट पाहायची असते. अशा वेळी कुणी मावशी पर्समधून फोन काढतात आणि कँडी क्रश लावतात.

त्या मावशींनी एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या, टीव्हीला जोडून खेळायच्या डब्याचं नाव कदाचित ऐकलंही नसेल. पण १३ ऑक्टोबर २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून घेतली, आणि तिच्याबरोबर कँडी क्रश बनवणारी किंग ही कंपनीही आली. तेव्हापासून मावशींचा खेळ आणि एक्सबॉक्सचा डबा एकाच घरचे झाले. या घरात फोनवरचा खेळ जोरात आहे. डब्याचं मात्र काय होणार, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एक्सबॉक्स टिकेल की बंद पडेल, याची काळजी आज जगभरच्या खेळाडूंना लागली आहे. मराठी मुलखातून पाहिलं तर या काळजीमागे एक जुना धडा दिसतो. टीव्हीला जोडायच्या डब्यांचा धंदा इकडे एक्सबॉक्सच्या आधीपासून उभा होता. त्याचे स्वतःचे रिवाज होते. त्या रिवाजांशी ज्याचं जुळलं नाही, त्याचं बस्तान इथं बसलं नाही.

असा डबा इकडच्या घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून आला. नव्वदच्या दशकात मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईकर लॅमिंग्टन रोड गाठायचे आणि पुणेकर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमच्या स्वस्त नकला तिथं मिळत. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ ही त्या वेळची डब्यांवरची नावं. सोबत दोन रिमोट, एक बंदूक आणि ‘६४-इन-१’ किंवा ‘९९९९-इन-१’ असं छापलेली पिवळी कॅसेट. हजारो खेळांचं आश्वासन असायचं. प्रत्यक्षात तेच दहा-वीस खेळ पुन्हापुन्हा येत. तरी कुणाची तक्रार नसायची. मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर आणि ‘टँक’ एवढ्यात सुट्टी भरून जायची.

त्या कॅसेटीच्या तळाशी तांबूस पट्ट्यांची एक ओळ असे. पडद्यावर राखाडी चौकोन थरथरू लागले की कॅसेट काढायची, पट्ट्यांवर जोरात फुंकर मारायची आणि परत बसवायची. खेळ सुरू होई. खरं तर गुण यायचा तो फुंकरीपेक्षा कॅसेट काढून नव्याने बसवल्यामुळे, कारण त्यात पट्ट्यांचा स्पर्श पुन्हा नीट जुळायचा. तोंडातल्या ओलाव्याने उलट त्या पट्ट्या गंजत. जाणती मुलं खोडरबराने पट्ट्या घासत. बंदूक चालायची ती जुन्या काचेच्या टीव्हीमुळेच: चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, निशाणाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीच्या तोंडातला भिंगवाला डोळा तो उजेड टिपे. सपाट टीव्ही आले आणि त्या सगळ्या बंदुका मुक्या झाल्या.

या धंद्याचा कणा होता अदलाबदल. एका चाळीत एकाकडे डबा, दुसऱ्याकडे कॅसेट, तिसऱ्याच्या घरी रंगीत टीव्ही. दुकानदार जुनी कॅसेट परत घेऊन वर थोडे पैसे लावून दुसरी देत. पार्लरमध्ये तासावर खेळायला मिळे. एका कॅसेटीवर अख्खा मजला खेळत असे आणि ती बिघडली तर गल्लीतला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस डाग लावून ती जिवंत करत असे.

अधिकृत माल याच काळात आला आणि आपटला. सेगा या कंपनीने १९९५ च्या सुमारास मेगा ड्राइव्ह हा आपला डबा विकण्यासाठी शॉ वॉलेसशी करार केला. होय, मद्य बनवणारी तीच कलकत्त्याची कंपनी. आयात कर ८० टक्के होता, तो चुकवण्याची ही वाट होती. तरीही किंमत झाली १८,००० रुपये. त्या काळी कित्येक मराठी नोकरदार घरांत हा चार-पाच महिन्यांचा पगार होता. नकली डबा त्याच्या कितीतरी खाली मिळत असताना सेगा कोण घेणार?

पुढे चकत्या आल्या आणि सोनीचं प्लेस्टेशन २ आलं. जगभर त्याची विक्री १६ कोटींवर गेली, इतका खप आजवर दुसऱ्या कुठल्याही डब्याचा झालेला नाही. आपल्याकडे त्याच्या पसाऱ्यात चोरीच्या चकत्यांचा वाटा मोठा होता, हे मान्य करायला हवं. त्या चालाव्यात म्हणून ‘चिप मारलेला’ डबा घ्यायचा आणि फूटपाथवरून चकत्या आणायच्या, हा सरळ नियमच झाला होता. यात खेळ बनवणाऱ्यांचं नुकसान झालं. तरीही सोनीने पाठ फिरवली नाही, उलट इथल्या मातीतले खेळ काढले. २००९ मध्ये हैदराबादच्या स्टुडिओंनी बनवलेले ‘हनुमान: बॉय वॉरिअर’ आणि ‘देसी अड्डा’ आले; दुसऱ्यात कबड्डी आणि विटीदांडू होते. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ काढला. कारागिरीत हे खेळ साधेच होते. पण गल्लीतलं क्रिकेट टीव्हीवर खेळणाऱ्या मुलाला आपलं कुणीतरी ऐकलं असं वाटलं, आणि ही गोष्ट पुढे एक्सबॉक्सला कधीच साधली नाही.

एक्सबॉक्सचा जन्म १५ नोव्हेंबर २००१ चा. विंडोज संगणकातल्या डायरेक्टएक्स या तंत्रावरून त्याचं नाव पडलं. सोनीचा डबा दिवाणखान्यातून संगणकाला हुसकावून लावेल, या धास्तीतून मायक्रोसॉफ्टने तो बांधला. आत चक्क हार्ड डिस्क होती आणि मागे इंटरनेटची वायर लावायला जागा. पहिला डबा तोट्यात गेला, पण ‘हेलो’ या खेळाने नाव कमावलं.

भारतात त्याचा खरा गाजावाजा झाला तो २००६ च्या सप्टेंबरात, एक्सबॉक्स ३६० बरोबर. अक्षय कुमार आणि युवराज सिंग जाहिरातीत होते. किंमत वीस ते चोवीस हजारांच्या घरात. परदेशात ब्रायन लाराच्या नावाने निघालेला क्रिकेटचा खेळ इथं युवराजच्या नावाने आला. सुरुवात जोमदार होती, हे नक्की.

मग लाल दिवे लागले. पॉवरच्या बटणाभोवतीच्या वर्तुळात हिरवा उजेड असायचा. त्याऐवजी तीन पाव-वर्तुळं लाल झाली की समजायचं, डबा गेला. चिप तापायची, गार व्हायची, पुन्हा तापायची, आणि या ओढाताणीत आतले बारीक जोड तडकायचे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वॉरंटी तीन वर्षांची केली आणि दुरुस्तीसाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. हा निर्णय मोठ्या मनाचा होता. तरी भारतात पहिल्या वर्षी विकले गेले ते डबे याच कच्च्या जातीचे, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर सांगायलाच नको. कॅसेट खोडरबराने बरी होत होती. इथं गरम हवेचं यंत्र लावून चिप उचलायची, खालचे कथिलाचे मणी बदलायचे आणि ती परत बसवायची, असं नाजूक काम आलं. लॅमिंग्टन रोडच्या कारागिरांनी तेही शिकून घेतलं.

सगळ्यात मोठी चूक घडली २०१३ मध्ये. एक्सबॉक्स वन हा नवा डबा आणताना कंपनीने सांगितलं की तो दिवसातून एकदा इंटरनेटला जोडावा लागेल आणि जुन्या चकत्या दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधनं येतील. थोडक्यात, चाळीतली अदलाबदल बंद. सोनीने उत्तरादाखल अर्ध्या मिनिटाहूनही छोटी चित्रफीत काढली. तिच्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात खेळाची डबी देतो, दुसरा आभार मानतो, संपलं. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. तोवर गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला होता, आणि या व्यवसायात एकदा गेलेलं गिऱ्हाईक आपल्या खेळांच्या संग्रहासह जातं. ते सहजी परतत नाही.

भारतात प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४ मध्ये आलं. एक्सबॉक्स वन आला त्याच वर्षी २३ सप्टेंबरला, तोही फक्त अ‍ॅमेझॉनवर, किंमत ३९,९९० रुपये. आठ महिने उशीर झाला, ही एक बाब. त्याहून घातक दुसरी: ज्या दुकानदारांनी वीस वर्षं हा धंदा वाढवला, त्यांच्या फळीवर डबा ठेवलाच नाही. मुलगा बापाचा हात ओढत ज्या काचेसमोर थांबायचा, त्या काचेमागे सोनीच होती. २०१५ पासून मायक्रोसॉफ्टने डब्यांची विक्री जाहीर करणंच सोडलं. पुढे २०२२ मध्ये ब्राझीलच्या नियामकापुढे तिनेच कबूल केलं की सोनीने आपल्या दुपटीहून जास्त डबे विकले.

इतक्यावर कुणीही खचलं असतं. मायक्रोसॉफ्टने वेगळा डाव टाकला: महिन्याचे पैसे भरा, शेकडो खेळ खेळा. गेम पास ही योजना सुरुवातीला खरोखर गिऱ्हाइकाच्या फायद्याची होती. १० नोव्हेंबर २०२० रोजी एक्सबॉक्स सीरीज एस भारतात ३४,९९० रुपयांना आला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की यांना इथला खिसा कळला. पण योजना चालवायला खेळ लागतात, खेळांसाठी स्टुडिओ विकत घ्यावे लागतात, आणि घेतलेल्या स्टुडिओंचा खर्च वसूल व्हावा लागतो. जानेवारी २०२४ मध्ये १,९०० जणांना घरी पाठवलं. मे महिन्यात ‘हाय-फाय रश’सारखा नावाजलेला खेळ बनवणारा टँगो गेमवर्क्स बंद केला, पुढे तो एका कोरियन कंपनीने वाचवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत गेम पासचा सगळ्यात वरचा दर महिना २० डॉलरवरून ३० वर नेला, आणि तिथंच सीरीज एसचा थोरला भाऊ सीरीज एक्स ६५० डॉलरला जाऊन पोचला. २०२० मध्ये तो ५०० ला मिळत होता. एरवी या धंद्यात डबा जुना होईल तसा स्वस्त होतो. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत डब्यांचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा २९ टक्क्यांनी घसरलं.

आणि हेलो? ज्या खेळासाठी लोक एक्सबॉक्स घ्यायचे, तो खेळ २०२६ मध्ये प्लेस्टेशनवर येणार, अशी घोषणा कंपनीने स्वतःच केली. नोव्हेंबर २०२४ मधल्या जाहिरातीत तर फोन, टीव्ही आणि लॅपटॉप दाखवून ‘हाही एक्सबॉक्स आहे’ असं सांगितलं होतं. मग खरा एक्सबॉक्स कशाला घ्यायचा, हा प्रश्न कुठल्याही गिऱ्हाइकाला पडेल, आणि त्याचं धड उत्तर कंपनीने अजून दिलेलं नाही.

सेगाची आठवण इथं टाळता येत नाही. तिचा ड्रीमकास्ट हा डबा अतिशय देखणा होता आणि त्याच्या पुढच्या अंगावर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीईचं चिन्ह होतं. प्लेस्टेशन २ पुढे तो टिकला नाही. जानेवारी २००१ च्या शेवटी सेगाने डबे बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत ती बातमी देणारा पीटर मूर दोन वर्षांनी मायक्रोसॉफ्टमध्ये गेला, आणि लाल दिव्यांच्या वेळी त्या अब्ज डॉलरसाठी वरिष्ठांपुढे उभा राहिला तोही हाच. डबे सोडल्यावर सेगा बुडाली नाही. सॉनिक आज सगळ्यांच्या डब्यांवर धावतो. एक्सबॉक्सची वाटचाल त्याच दिशेने होते आहे, असं स्पष्ट दिसतं. जून २०२५ मध्ये एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीबरोबर पुढच्या पिढीच्या यंत्रांसाठी अनेक वर्षांचा करार झाला, त्यामुळे नवा डबा येईलही. पण तो सोनीशी टक्कर द्यायला येईल, असं मानायला आधार नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात एक्सबॉक्सची क्लाउड सेवा सुरू झाली. खेळ दूरच्या सर्व्हरवर चालतो, पडद्यावर फक्त चित्र येतं. म्हणजे नेट चांगलं असेल तर गिरगावात काय आणि बैलकुप्प्यात काय, डब्याशिवाय एक्सबॉक्स खेळता येतो. सोय मोठी आहे. मात्र खेळणाऱ्याच्या हातात यातलं काही उरत नाही: शेजाऱ्याला द्यायला चकती नाही, दुरुस्त करायला जोड नाही, आणि कंपनीने सेवा थांबवली की खेळही थांबला. याची चुणूक मिळालीही आहे. २९ जुलै २०२४ रोजी एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान बंद झालं, आणि फक्त तिथंच मिळणारे खेळ त्या डब्यावर विकत घेण्याची वाट संपली.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी माळ्यावर जुना एक्सबॉक्स किंवा टीव्ही गेम पडला असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला देऊ नका. कॅसेटीच्या पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. चकत्या आपापल्या डबीत घालून, ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. ३६० चं दुकान बंद झालं असलं, तरी चकती घातली की तो डबा आजही खेळ सुरू करतो.