वावडीची पूर्वतयारी

ठाणे जिल्ह्याला समुद्र आहे, परंतु शहापूर आणि मुरबाड या आमच्या तालुक्यांच्या वाट्याला तो आलेला नाहीं. पूर्वेस सह्याद्रीचा कडा आणि त्याच्या पायथ्याशीं भाताचीं खाचरें, एवढीच आमची दौलत. संक्रांतीच्या सुमारास मुंबईकर मंडळी पतंग घेऊन चौपाटीकडे वळतात. आमचीं मुलें कापणी उरकून उघड्या पडलेल्या शेतांत उतरतात. स्थळें निराळीं, पण तयारी एकच. आणि या तयारीचा इतिहास काटाकाटीच्या गलक्यापेक्षां अधिक मनोरंजक आहे, असें माझें मत झालें आहे.

'पतंग' हा शब्द आज सर्वांच्या तोंडीं आहे. आपला जुना शब्द 'वावडी'. मोल्सवर्थसाहेबांच्या 1857 सालच्या कोशांत तो कागदी पतंग याच अर्थानें दिलेला आहे. पुढें खेळांतून तो बहुतेक निघून गेला, आणि 'वावड्या उठविणें' एवढ्यापुरता भाषेंत राहिला. निराधार बातमीला हें नांव ज्यानें कोणीं दिलें, त्यानें वावडी स्वतः उडविलेली असली पाहिजे. कारण लोक पाहतात तें वर, आणि दोर धरणारा असतो खालीं गर्दींत.

या तयारीचा एक जुना आणि सुबक उल्लेख संत नामदेवांच्या नांवावर आहे. शिखांच्या ग्रंथसाहिबांत नामदेवांचीं 61 पदें समाविष्ट आहेत. त्यांपैकीं एकांत मुलगा कागद आणतो, तो कापून पतंग करतो आणि आकाशांत सोडतो. सोबत्यांशीं त्याच्या गप्पा चालूं असतात, पण चित्त दोरीपाशीं असतें. भक्ताचें चित्तही असेंच असावें, हा पदाचा भाव. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें मात्र येथें थोडें थांबावें. नामदेवांचा काळ 1270 ते 1350 मानतात; ग्रंथाचें संकलन 1604 सालीं झालें. पद नामदेवांचेंच मानलें, तर चौदाव्या शतकाच्या मध्यापूर्वींच कागदी पतंग मुलांच्या हातीं आलेला होता. आणि कोणी कर्तृत्वाविषयीं शंका घेतली, तरी 1604 च्या अलीकडे त्याला आणतां येत नाहीं. शिवाय दृष्टान्त द्यावयाचा तो ऐकणाराला ठाऊक असलेल्या वस्तूचाच द्यावा लागतो. तेव्हां कागद हातानें बनविला जाई. दौलताबादेजवळचें कागजीपुरा त्यासाठीं आजही प्रसिद्ध आहे. आमच्या मुरबाडहून नाणेघाट चढून गेलें कीं जुन्नर लागतें, तेथील कागदाचीही पूर्वीं ख्याति होती. असा हातानें केलेला कागद मुलाला खेळण्यासाठीं कापावयास मिळत असे, ही लहान गोष्ट नव्हे!

माझ्या लहानपणीं बांबू रानांतून येई, कागद वाण्याकडून, आणि खळ घरच्या भाताची. मधला ढड्ढा सरळ हवा, कमान लवचीक हवी, आणि ती दोन्ही अंगांनीं सारखी वांकली पाहिजे. एक बाजू जड झाली कीं पतंग त्याच अंगास गोते खातो. खरें कसब कन्नी बांधण्याचें. वरचा दोरा किंचित आंखूड ठेवला, तर पतंग वाऱ्याला थोडा पुढें झुकून सामोरा जातो. वारा जोराचा असेल, तर हा फरक जरा वाढवावा.

समुद्रकांठीं जावयाचें, तर घड्याळही पाहावें लागतें. थंडींत पहाटे जमीन पाण्यापेक्षां गार असते, म्हणून वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो; त्याला मतलई म्हणतात. त्या वेळीं दोर तुटला, कीं पतंग लाटांवर गेलाच. दुपारीं जमीन तापली म्हणजे खारा वारा आंत येऊं लागतो, आणि सपाट पाण्यावरून आल्यामुळें तो एकसारखा असतो. आमच्याकडचा वारा झाडें आणि माहुलीचे सुळके यांवर आपटून तुकड्यातुकड्यांनीं येतो. म्हणून चौपाटीवर ऐटींत उभा राहणारा पतंग शहापुरास शेपटी मागतो.

आपण ज्या साधनानें हें भाषण ऐकत आहां, त्याचेंही या खेळाशीं नातें आहे. 12 डिसेंबर 1901 रोजीं न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिलवर मार्कोनीनें सोसाट्याच्या वाऱ्यांत पतंगाला तार बांधून ती सुमारें 150 मीटर उंच चढविली, आणि अटलांटिकपलीकडून, इंग्लंडहून आलेला संकेत ऐकल्याचें जाहीर केलें.

आतां मांजाविषयीं. सुती दोऱ्याला खळ आणि कांचेची पूड लावून तो पूर्वीं घरोघर सुतीत. बोटें त्यानेंही कापत. परंतु हिसका बसला कीं तो तुटे, आणि झाडांत अडकला तर ऊनपावसानें कुजून जाई. नायलॉनचा धागा सहजीं तुटत नाहीं आणि कुजतही नाहीं. घारी, बगळे, वटवाघळें त्यांत अडकून तडफडून मरतात. दुचाकीवरून जाणाऱ्या माणसांचे गळे त्यानें चिरले आहेत. राष्ट्रीय हरित लवादानें 11 जुलै 2017 रोजीं नायलॉन व तत्सम कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरीही तो विकला जातो, कारण तो मागणारीं मुलें आहेत, आणि त्यांचा हट्ट पुरविणारे आमच्यासारखे आजोबा आहेत. आजोबांना मला एवढेंच सांगावयाचें आहे, कीं फिरकी घेण्यापूर्वीं दोऱ्याचें टोक काडीनें पेटवून पाहावें. सुती दोरा जळून त्याची राख होते. नायलॉन वितळून टोकाशीं मण्यासारखी गांठ बनते. तशी गांठ दिसली, तर फिरकी दुकानदाराला तेथल्या तेथें परत करावी.