आरॉनला रंग का जमत नव्हते?

एआय आणि कला या विषयावर वाचायला घेतलं की इतिहास बहुतेक वेळा २०१८ पासून सुरू होतो. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ‘एदमों द बेलामी’ हे संगणकाने तयार केलेलं चित्र ४,३२,५०० डॉलरला गेलं. अंदाज होता ७ ते १० हजारांचा. पण हा विषय संशोधनासाठी घेणार असाल तर पन्नासेक वर्षं मागे जा, हॅरॉल्ड कोहेन यांच्यापाशी.

कोहेन ब्रिटिश चित्रकार. १९६६ च्या व्हेनिस बिएनालेत त्यांनी ब्रिटनचं प्रतिनिधित्व केलं होतं, म्हणजे नाव झालेला माणूस. १९६८ मध्ये ते सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले आणि चाळिशीत प्रोग्रॅमिंग शिकले. सत्तरच्या दशकात त्यांनी ‘आरॉन’ नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. २०१६ मध्ये वारले तोवर त्यावर काम चालूच होतं.

आरॉनला एकही चित्र दाखवलेलं नव्हतं. ट्रेनिंग डेटा हा प्रकारच नाही. बंद आकार कुठला, एक वस्तू दुसरीच्या मागे असेल तर रेघ कुठे थांबवायची, पुढे माणसं काढायची झाली तेव्हा हात कुठे वाकतो, हे सगळं कोहेन यांनी नियम करून कोडमध्ये लिहिलं.

रेषा जमल्या, रंग मात्र वीसेक वर्षं अडले. आरॉन रेखाटन करायचा आणि रंग बरेचदा कोहेन स्वतः भरायचे. आपण रंगवताना एक फटकारा मारतो, मागे सरकून बघतो, निळा जास्त वाटला की शेजारचा रंग बदलतो. निम्मं काम डोळाच करतो. आरॉनला डोळेच नाहीत! ‘इथे हाच रंग का?’ असं चित्रकाराला विचारलं तर तो म्हणणार, ‘बघून कळतं.’ आता हे कोडमध्ये कसं लिहिणार? शेवटी कोहेन यांनी उजळपणाचा आधार घेतला: शेजारशेजारच्या रंगांत उजळ-गडदपणाचा फरक किती ठेवायचा, याचे नियम. त्यासाठी प्रोग्रॅम सी भाषेतून लिस्पमध्ये नेला. १९९५ मध्ये बॉस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये आरॉनचं यंत्र लोकांसमोर स्वतः रंग भरत होतं.

बेलामीची पद्धत, गॅन, आली २०१४ मध्ये. तिला सुमारे १५,000 जुनी व्यक्तिचित्रं दाखवली होती. कोहेन यांना वीस वर्षं जे शब्दांत पकडता येईना, ते इथे कुणी शब्दांत मांडलंच नाही. दुसऱ्या चित्रकारांच्या डोळ्यांनी केलेलं काम डेटा म्हणून आत आलं. विकणारा गट पॅरिसचा, त्यांनी वापरलेला बराचसा कोड रॉबी बॅरॅट यांनी मोफत खुला ठेवलेला. श्रेयावरून वाद झालाच.

म्हणून ‘यंत्र सर्जनशील आहे का?’ हा मला संशोधनप्रश्न म्हणून कच्चा वाटतो. चित्रातली जाण आत कुठून आली, हे विचारा. आरॉनमध्ये नियमावर बोट ठेवता येतं. बेलामीत त्या १५,००० पैकी कोणाचं किती, हे सांगता येत नाही, आणि पैसे कोणाचे हा भांडणाचा मुद्दा नेमका तिथेच आहे.

कोहेन यांनी शेवटच्या वर्षांत रंगकाम परत स्वतःकडे घेतलं. आरॉनने काढलेल्या रेघांमध्ये ते मोठ्या टचस्क्रीनवर बोटांनी रंग भरायचे.