कवडीमोल माणसे : अटलांटिक गुलामव्यापाराचा उगम आणि वारसा



एखादी वस्तू फार स्वस्तात मिळाली म्हणजे ती कवडीमोलाने मिळाली, असे आपण म्हणतो. कवडी आता सारीपाटाच्या डावात आणि भुत्याच्या गळ्यातील माळेत उरली आहे. व्यवहारातून ती केव्हाच गेली. परंतु अठराव्या शतकात मालदीव बेटांवर वेचलेल्या कवड्या बंगाल व सिंहलद्वीपाच्या वाटेने लंडन आणि अ‍ॅमस्टरडॅम येथे जात, तेथे त्यांचा लिलाव होई, आणि जहाजे त्यांची पोतीच्या पोती भरून पश्चिम आफ्रिकेतील व्हिदासारख्या बंदरांत नेत. तेथे कवडी हे चलन होते, आणि ते मोजून जो माल घेतला जाई तो होता जिवंत माणसांचा. गुजरातेत व कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेले सुती कापडही ह्याच खरेदीच्या कामी येई. म्हणून आजचा विषय सात समुद्रांपलीकडचा असला, तरी त्याचा एक धागा आपल्या मागापर्यंत येऊन पोचतो.

ह्या व्यापाराचे वर्णन बहुधा क्रौर्याची कहाणी म्हणून केले जाते. ती क्रौर्याची कहाणी आहेच. परंतु केवळ क्रूर माणसांच्या बळावर कोणताही धंदा चारशे वर्षे चालत नाही. तो चालतो भांडवल, विमा, कायदा आणि चोख जमाखर्च ह्यांच्या बळावर. तेव्हा आज आपण ह्या इतिहासाची खातेवही उघडून पाहू आणि एकच प्रश्न विचारू : ह्यात कोणी कोणाला काय दिले?

वहीचे पहिले पान पोर्तुगालमधील लागोस ह्या बंदरात सापडते. सन १४४४ च्या ऑगस्ट महिन्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून आणलेली २३५ माणसे तेथे उतरवून त्यांच्या वाटण्या करण्यात आल्या. राजपुत्र हेन्री घोड्यावर बसून आपला पाचवा हिस्सा घेण्यास हजर होता. हे लिहून ठेवणारा झुरारा हा दरबारी बखरकार. आई एका वाट्यात आणि मूल दुसऱ्या वाट्यात जाताना जो आक्रोश झाला, त्याने त्याचेही मन हलले. तरी ह्या लोकांच्या आत्म्यांचा उद्धार होईल, असे त्याने स्वतःचे समाधान करून घेतले. पुढील चार शतकांत अशा समाधानाची कधी वाण पडली नाही.

ह्या व्यापाराला विराट रूप दिले ते उसाने. मदीरा आणि साओ टोमे ह्या बेटांवर पोर्तुगीजांनी उसाचे मळे घातले, आणि तोच नमुना पुढे ब्राझील व वेस्ट इंडीज बेटांत गेला. ऊस तोडल्यावर तो लगेच गाळावा लागतो, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सांगावयास नको. हंगामात चरक आणि चुलाणे रात्रंदिवस चालत. अमेरिकेतील मूळ रहिवासी साथींनी व जुलमाने मरत होते. तेव्हा स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स ह्याने १५१८ मध्ये ४००० आफ्रिकन माणसे थेट नव्या जगात नेण्याचा परवाना दिला. पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज सारेच ह्या धंद्यात उतरले. १७१३ च्या युट्रेक्टच्या तहाने इंग्लंडला जे लाभले, त्यात स्पॅनिश वसाहतींना ३० वर्षे, दर वर्षी ४८०० गुलाम पुरविण्याचा मक्ता होता. साऱ्या काळाची बेरीज मांडता सुमारे सव्वा कोट माणसे जहाजांवर चढविली गेली आणि सुमारे एक कोट सात लाख पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली. मधली अठरा लाख समुद्राने घेतली.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आफ्रिकेतील राजेच आपली माणसे विकत होते ना? होय, अनेक राजे व व्यापारी ह्यात सामील होते. ते लपविण्याचे कारण नाही. परंतु काँगोचा राजा अफोन्सो ह्याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेली पत्रेही उपलब्ध आहेत. तुमचे व्यापारी आमच्या प्रजेला, सरदारांच्या मुलांना, आमच्या आप्तांनासुद्धा धरून नेतात आणि देश ओस पडतो आहे, अशी त्याची तक्रार होती. एका किनाऱ्यावर न संपणारे गिऱ्हाईक उभे राहिले की दुसऱ्या किनाऱ्यावर लढाया माणसे धरण्यासाठीच होऊ लागतात.

शिवाय अटलांटिकपलीकडची गुलामी ही जुन्या गुलामीहून निराळी होती. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये कायदा केला की, मुलाची स्थिती आईच्या स्थितीवरून ठरेल. म्हणजे मालकापासून गुलाम स्त्रीला झालेले मूलही मालकाची मालमत्ता ठरले! १६६७ मध्ये दुसरा कायदा झाला : बाप्तिस्मा घेतल्याने गुलाम मुक्त होत नाही. पाहा, आत्म्याच्या उद्धाराची सबब दोनशे वर्षांत कशी निकालात निघाली. धर्म बदलता येतो, कातडी बदलता येत नाही. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणारी ही रचना कायद्याने विटेवर वीट ठेवून बांधली, आणि मग ती निसर्गानेच बांधली आहे, असे पंडित सांगू लागले.

१७८१ साली ‘झाँग’ नावाच्या जहाजावरून, पाणी कमी पडेल ह्या सबबीखाली, १३० हून अधिक बंदिवानांना जिवंत समुद्रात फेकण्यात आले. हा खटला न्यायालयात आला तो खुनाचा म्हणून नव्हे, विम्याचा म्हणून! बुडालेल्या मालाची भरपाई मालकांनी मागितली आणि ज्यूरीने ती मान्यही केली. १७८३ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्डच्या न्यायालयाने फेरसुनावणीचा हुकूम दिला. पण खुनाबद्दल शिक्षा कोणालाच झाली नाही. ही बातमी ग्रॅनव्हिल शार्प ह्या सुधारकाकडे नेणारा ओलाउदा इक्वियानो हा स्वतः एके काळी गुलाम होता. त्याचे १७८९ चे आत्मचरित्र इंग्लंडात घरोघर वाचले गेले. हैतीतील गुलामांनी तर १७९१ मध्ये बंड करून १८०४ मध्ये स्वतःचे स्वतंत्र राष्ट्रच उभारले. मुक्ती ही केवळ उदार मालकांची देणगी होती, असे म्हणणाऱ्यांनी ही नावे विसरू नयेत.

आता वहीचे शेवटचे पान. इंग्लंडने १८०७ मध्ये व्यापार बंद केला आणि १८३३ मध्ये गुलामी रद्द करणारा कायदा केला. त्या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. कोणाला? मालकांना. सुमारे आठ लाख गुलामांना एक दमडीही मिळाली नाही. उलट ‘उमेदवार’ ह्या गोंडस नावाखाली बहुतेकांना १८३८ पर्यंत जुन्याच धन्याकडे राबावे लागले. ह्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड ब्रिटिश खजिन्याने २०१५ मध्ये केली. हैतीचे तर आणखी विपरीत. फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँकची मागणी केली. १८३८ मध्ये ती ९ कोटींवर आली. ह्यापायी घेतलेल्या कर्जांतून ते गरीब राष्ट्र १९४७ मध्ये मोकळे झाले. गुलामांनीच मालकांना आपल्या देहाची किंमत भरली.

अमेरिकेत १८६५ मध्ये चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर गुलामी गेली. ह्या युद्धाने आपल्या मुंबईत कापसाचे भाव भडकले, हे आपण जाणतो. ज्या कापसाची जागा आपल्या कापसाने घेतली तो गुलामांच्या हातांनी वेचलेला होता. मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही. ते वाट्याने शेती करीत कर्जात अडकले, आणि मताचा हक्क प्रत्यक्षात उतरावयास १९६५ चा कायदा यावा लागला. इकडे मॉरिशसच्या मळ्यांवर १८३४ पासून आपल्या देशातील माणसे करारबद्ध मजूर म्हणून जाऊ लागली. मळे तेच होते, ऊस तोच होता. त्यांत मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही तेथे नांदत आहेत.

हा दूरचा इतिहास आपल्याकडे सर्वांत आधी कोणी ओळखला असेल, तर जोतीराव फुले ह्यांनी. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा प्रकट केली. जन्मावरून ठरविलेली पायरी कोणत्या देशात आहे ह्याला महत्त्व नाही, हे त्यांनी जाणले होते.

बेड्या तुटल्या की हिशेब मिटला, असे मानण्याचा मोह मोठा असतो. २००१ मध्ये डर्बन येथील जागतिक परिषदेने गुलामी व गुलामांचा व्यापार हे मानवतेविरुद्धचे गुन्हे होत, असे म्हटले. ज्यांच्या श्रमावर शहरे उभी राहिली, त्यांच्या वंशजांना हे शब्द पुरेसे वाटत नाहीत, ह्यात नवल ते काय? भरपाईचे आकडे राष्ट्रे ठरवतील तेव्हा ठरवोत. आपण आपल्यापुरते एवढे करू शकतो : पुन्हा कधी ‘कवडीमोल’ हा शब्द तोंडात आला, तर त्या कवडीने एके काळी काय विकत घेतले गेले, हे क्षणभर आठवावे, आणि आपल्या गावात, आपल्या वाड्यात, आपल्या शेतावर कोणाचे श्रम आपण त्याच भावाने घेत नाही ना, हेही पाहावे.