मागें फिरण्याची विद्या

केलेलें कृत्य परत घेतां येत नाहीं, ही जगाची जुनी रीत होय. संगणकानें मात्र ती सोय माणसास करून दिली, आणि ती आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं तिच्यामागील खटाटोप कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. तो थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

अडचण अशी. संगणकांतील माहितीच्या घटकांस ऑब्जेक्ट म्हणतात, आणि त्यांची रचना पेटींत पेटी असावी तशी असते. परंतु बाहेरच्या पेटींत बहुधा आंतल्या पेटीचा केवळ पत्ता असतो. बाहेरच्या पेटीची नक्कल केली तर पत्त्याचीच नक्कल होते. पुढें आंतला जिन्नस बदलला कीं मूळ व नक्कल दोन्ही त्या बदललेल्या जिन्नसाकडेच बोट दाखवितात. जुनें जपल्याचा निव्वळ भास उरतो. बरें, सर्वच पेट्यांची नक्कल करावी, तर वेळ व जागा यांचा खर्च भारी.

यावर अमेरिकेंत वॉरन टाइटलमन यांनीं काढिलेली तोड आपल्या रोजकीर्दीसारखी होती. लिस्प भाषेसाठीं रचलेल्या ज्या साहाय्यकाचें वर्णन त्यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलें, त्यांत कप्पा बदलण्यापूर्वीं त्याचें ठिकाण व त्यांतील जुना ऐवज यांची नोंद होई. कप्पा कितीही खोल असो, 'अन्डू' म्हणतांच जुना ऐवज जागेवर येई. अट एकच: बदल नोंद ठेवणाऱ्या आज्ञांनींच झालेला असावा. कीर्दीबाहेरचा व्यवहार कीर्द कसा उलटविणार?

पुढें १९८१ सालीं एलियट मॉस यांनीं आपल्या प्रबंधांत एकांत एक गुंफलेल्या व्यवहारांचा विचार मांडला. आंतला व्यवहार फसला तर तेवढाच रद्द व्हावा. साधला तरी बाहेरचा पुरा होईपर्यंत तो पक्का मानूं नये. १९९४ सालीं चौघां ग्रंथकारांच्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकानें 'मेमेंटो' ही रीत सांगितली. ऑब्जेक्टनें आपली पूर्वस्थिति जणूं बंद लिफाफ्यांत घालून द्यावी. इतरांनीं तो सांभाळावा, उघडूं नये. मात्र लिफाफ्यांत आंतल्या पेटीचा पत्ताच घातला, तर पहिली अडचण पुन्हां उभी राहते.

मागें फिरण्याचें सामर्थ्य बदलापूर्वीं ठेवलेल्या नोंदींत असतें, हें या इतिहासाचें सार आम्हांस वाटतें. लेखक निर्धास्तपणें ओळ खोडतो, चित्रकार रंग पालटून पाहतो, तें याच भरंवशावर. अनेकांनीं वापरावी म्हणून आज्ञावलींची लायब्ररी रचणाऱ्यानें ती नोंद अर्धवट ठेवली, तर तो भरंवसाच पोकळ ठरतो.