रोज थोडं थोडं मागणारं गाणं

'गॉडस्पेल' हे येशूच्या बोधकथांवरचं अमेरिकन संगीत नाटक. १७ मे १९७१ रोजी ते न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात आलं. त्यात येशूच्या चेहऱ्यावर विदूषकासारखे रंग होते, पुनरुत्थानाचा प्रसंगही सरळ दाखवलेला नव्हता. काही श्रद्धाळू ख्रिस्ती लोक त्यामुळे दुखावले.

पण त्यातलं 'डे बाय डे' हे गाणं लोकांनी उचलून धरलं. १९७२ मध्ये ते अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत १३व्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. तरुण मुलं गिटारवर ते चर्चमध्येही गाऊ लागली. नाटकातलं गाणं पुन्हा प्रार्थना झालं!

पुन्हा म्हणायचं कारण असं, की चाल स्टीफन श्वार्ट्झ यांची नवी असली तरी शब्द जुन्या प्रार्थनेतले. १२५३ मध्ये वारलेले इंग्लंडचे बिशप रिचर्ड यांच्या नावावर ती सांगितली जाते. मागणी तीनच: देव अधिक स्पष्ट दिसावा, अधिक प्रिय वाटावा, त्याच्या मागून अधिक जवळून चालता यावं. धन नाही, यश नाही. आणि हेही एकदम नको, दिवसेंदिवस.

नाटक न पाहिलेल्यांनाही ते आपलं वाटलं, ते बहुधा यामुळेच. घरखर्चाची वही रोज लिहिणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. शिल्लक काही एका दिवसात साठत नाही.